रविवारी न फिरणारं चाक

ज्या माणसानं बावीस वर्षं तांब्याची तार भरून लोकांच्या मोटरी फिरवल्या, त्यानंच एके दिवशी जाहीर केलं की मोटर फिरायला तार लागतच नाही. वीजसुद्धा लागत नाही. चुंबक तेवढे नीट मांडता आले पाहिजेत, ते एकमेकांना ढकलत राहतात आणि चाक आपलं फिरत राहतं. हे त्यानं जेवता जेवता सांगितलं. बायकोनं आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग ताटाकडे. ताट चाटूनपुसून साफ झालं होतं. असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं, म्हणून ती गप्प बसली.

गप्प बसण्याइतकी ती अडाणी मात्र नव्हती. फुकटात काही फिरत नाही, हे वायंडिंगच्या दुकानात आयुष्य काढलेल्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. पण त्याच्या दहा महिने आधी कॉम्प्रेसरच्या पट्ट्यात नवऱ्याचा उजवा हात गेला होता. दोन बोटं तुटली, तिसरं वाकेनासं झालं. वायंडिंग म्हणजे सगळा बोटांचा खेळ. स्टेटरच्या, म्हणजे मोटरीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, अरुंद खाचांत तारेच्या कॉइली एकेक करून बसवायच्या, एकीलाही ओरखडा येता कामा नये. हे काम गेलं तसा माणूसच गेला. मागच्या खोलीत खुर्ची भिंतीकडे वळवून तो बसायचा. सकाळी बसला की संध्याकाळी उठायचा. भिंतीवर बघण्यासारखं काय होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

दुकान तिनं उचललं. त्याआधी ती कागद कापायची, कॉइली दोऱ्यानं बांधायची, गिऱ्हाइकांना "उद्या या" म्हणून सांगायची. आता ती तार भरू लागली. पहिला पंप तिनं तीनदा भरला आणि तीनदा उसवला. पंधरा पावलांवर नवरा पाठमोरा बसलेला होता, त्यानं मान वळवून पाहिलं नाही. चौथ्यांदा पंप चालला तेव्हा ती एकटीच हसली आणि एकटीच रडली, आणि मग गिऱ्हाइकाला फोन केला.

अशात कधीतरी त्यानं फोनवर कुणाचं तरी चाक पाहिलं. नुसत्या चुंबकांवर फिरणारं, कुठल्याशा गॅरेजमध्ये चित्रण केलेलं. त्या दिवसापासून खुर्ची रिकामी पडली. जुने स्पीकर फोडून चुंबक जमा झाले, भंगारातून संगणकाच्या हार्ड डिस्का आल्या. त्यांची बेअरिंगं इतकी हलकी की फुंकर मारली तरी फिरावीत. दुकानाच्या अर्ध्या भागावर लाकडी फळ्यांचा एक पोटमाळा होता, ताठ उभं राहिलं तर टाळकं छताला आपटेल एवढाच उंच. तिथलं अडगळीचं सामान खाली आलं आणि नवरा वर गेला. माळ्यावर त्यानं दिवा ठेवला नाही, वायर ठेवली नाही, बॅटरीची साधी टॉर्चसुद्धा वर न्यायची बंदी. उद्या कुणी म्हणायला नको की लपवून वीज लावली. तिलाही वर यायची परवानगी नव्हती, कारण तिच्या खिशात टेस्टर असतो आणि टेस्टरमध्ये दिवा असतो.

मनुष्य आठवड्याला एक चाक बनवायचा आणि आठवड्याला एक मोडायचा. कधी सहा चुंबक, कधी सोळा, कधी तिरपे, कधी उभे. चिडायचा, स्वतःशी भांडायचा, डाव्या हातानं पक्कड आपटायचा. तिला ते ऐकून बरं वाटायचं. चिडणारा माणूस जिवंत असतो.

आणि मग तीन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी चाक फिरलं.

आडवं ठेवलेलं, थाळीएवढं, काठावर चोवीस चुंबक, एक उत्तर वर, एक दक्षिण वर, असे बसवलेले. त्यानं हातानं जोराचा झटका दिला. चाक वेगात फिरलं, नेहमीसारखं हळू होत गेलं, आणि मग हळू व्हायचं थांबलं. एका गतीवर आलं आणि तिथंच राहिलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, तास. तो माळ्यावरून ओरडला, "अगं!" एवढंच. ती शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढून नुसतं डोकं वर काढून बघत राहिली. खरंच फिरत होतं.

तिचं डोकं म्हणालं, यात काहीतरी गडबड आहे. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं डोक्याला सांगितलं, तू जरा गप्प बस.

त्यानंतर घरात वादळ आलं. नवरा एका जागी ठरेना. माळ्यावर चढायचा, उतरायचा, पाणी प्यायला म्हणून यायचा आणि पाणी न पिताच परत जायचा. रोज दाढी व्हायला लागली. नणंद शेजारच्या गल्लीत राहायची, ती येऊन बघून गेली आणि जाताना दारात वहिनीचा हात धरून म्हणाली, "वहिनी, ते चाक कशावर का फिरेना, आमचा दादा माणसात आला. मला वाटलं होतं, गेला हा हातचा." तिलाही तसंच वाटलं होतं. फरक इतकाच की नणंद ते मोठ्यानं बोलू शकत होती.

मग त्यानं फोरमनना फोन केला. ज्यांच्या हाताखाली तो अठराव्या वर्षी वायंडिंग शिकला, ते फोरमन. आता म्हातारे झाले होते, एका डोळ्यानं दिसत नव्हतं, पण कान असे की रस्त्यावरून जाताना मोटरीचा आवाज ऐकून "हिचं मागचं बेअरिंग गेलंय" म्हणून सांगावं. हात तुटल्यावर ते दोनदा भेटायला आले होते आणि दोन्ही वेळा त्यानं खुर्ची वळवली नव्हती. आता त्यानं स्वतः होऊन बोलावलं. फोरमन म्हणाले, "येतो. मुलगा गाडी घेऊन रविवारीच मोकळा असतो. रविवारी अकराला."

फोन ठेवला आणि याचा चेहरा उतरला.

"रविवारी?" तो म्हणाला. "रविवारी ते फिरत नाही गं."

हे होतं गुरुवारी दुपारी. ती नुकतीच जेवण आटोपून कामाला बसत होती. तो वही घेऊन समोर आला आणि स्टुलावर बसला. चाकाचा सगळा हिशेब त्यानं त्या वहीत ठेवला होता, तारीख आणि वेळ घालून. त्याचं म्हणणं, चुंबक थकतात. त्यांना विश्रांती लागते, आणि ती कधी लागते हे शोधलं की सुटलं.

"ऐक," तो म्हणाला. "सकाळी साडेनऊपर्यंत काही नाही, किती का ढकला. साडेनऊनंतर उत्तम. साडेबाराला एकदम सुस्ती, बंद. दोननंतर परत उत्तम. सहाला बंद. रोज असंच! फक्त गेल्या आठवड्यात मंगळवारी अकरापर्यंत नाही. बुधवारी दिवसभर नाही, त्या दिवशी आभाळ होतं. हवेचा काहीतरी संबंध आहे. आणि रविवार तीनही कोरडे गेले. मला वाटतं, सहा दिवसांनी चुंबकाला एक अख्खा दिवस लागतो."

ती कागद कापत होती. कात्री थांबली.

सकाळी साडेनऊला ती दुकान उघडायची. साडेबाराला जेवायला उठायची. दोनला परत बसायची आणि सहाला फळी लावायची. त्या मंगळवारी ती तार आणायला गेली होती, अकराला परतली. आणि बुधवारी तिनं दाढ काढली होती. दवाखान्यातून आली तेव्हा गाल टम्म फुगला होता, दिवसभर तिला बोलता येत नव्हतं, दुकान बंदच राहिलं. वहीत त्या दिवसापुढे लिहिलं होतं, आभाळ.

"मिनिटाला किती फेरे घेतं?" तिनं विचारलं. आवाज साधा ठेवायला तिला कष्ट पडले.

"अडीचशे." त्याची छाती फुगली. "कधीही मोज. दोनशे एकोणपन्नास नाही की एक्कावन्न नाही. ढकल कितीही जोरात दे, येतं अडीचशेवरच. आणि उलटं ढकललं तर उलटंही फिरतं, तितकंच. असं शिस्तीचं चाक मी आजवर पाहिलं नाही."

तिनंही पाहिलं नव्हतं. पण मोटरीच्या वेगाचं सूत्र पाहिलं होतं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी, गिऱ्हाईक नसलेल्या एका दुपारी यानंच तिला ते शिकवलं होतं. एकशेवीस गुणिले विजेची पन्नास आवर्तनं, भागिले पोल. चोवीस चुंबक म्हणजे चोवीस पोल. सहा हजार भागिले चोवीस. तिच्या डोक्यात उत्तर आलं, बरोबर अडीचशे.

तो वर गेल्यावर ती उठली. लोखंडी कपाटापाशी गेली आणि मान वर करून बघत उभी राहिली.

तार भरून झाली की स्टेटरवर वार्निश ओततात आणि ते सुकवतात. मोठ्या कारखान्यात त्याला भट्टी असते. छोट्या दुकानात भट्टी कुठली? तिथं त्याच वायंडिंगमधून डिमरनं थोडा थोडा करंट सोडून ठेवतात, मोटर आतून कोमट होते आणि दोन-तीन दिवसांत वार्निश खडखडीत वाळतं. लक्ष ठेवावं लागतं, म्हणून माणूस समोर असेल तेवढाच वेळ चालू. ती हे जमिनीवरच करायची. पण महिन्याभरापूर्वी एका गिऱ्हाइकाचा पाय ओल्या वायंडिंगला लागला, कामाचं वाटोळं झालं, आणि तेव्हापासून तिनं सुकणारा माल कपाटाच्या माथ्यावर ठेवायला सुरुवात केली होती. पहिला ठेवला तो तीन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी, दहा हॉर्सपॉवरच्या पंपाचा जाडजूड स्टेटर. त्यानंतर एक उतरला की दुसरा चढायचा. कपाटाच्या माथ्यापासून माळ्याच्या फळ्या दोन विती वर. आणि फळ्यांच्या बरोबर वर, काठ नेमका इकडे येईल असं, ते चाक.

आतला फिरता रोटर नसलेला स्टेटर म्हणजे उघडं तोंड. त्याचं चुंबकत्व बाहेर सांडतं. एरवी त्यानं खिळाही धड हलला नसता. पण फुंकरीनं फिरणारं चाक, त्यावर चोवीस चुंबक!

ती डिमरपाशी गेली आणि बटण हळूहळू शून्यावर आणलं. स्टेटरची गुणगुण थांबली. वर चाकाची सळसळ मंदावली, मंदावली, आणि नवऱ्याची शिवी ऐकू आली. तिनं बटण परत फिरवलं. वरून झटक्याचा आवाज, मग सळसळ, मग त्याचा "हां, शाब्बास!" तिनं पुन्हा बंद केलं. पुन्हा शिवी. पुन्हा चालू. पुन्हा शाब्बास. तिसऱ्यांदा तिच्यानं ऐकवेना. थोड्या वेळानं तो शिडीवरून वाकून म्हणाला, "आज तीन वाजून दहाला काहीतरी झालं होतं. तीनदा दचकलं. भूकंप वगैरे कळला का कुठे?"

"नाही," ती म्हणाली.

गुरुवारची संध्याकाळ, शुक्रवार, शनिवार. हे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. सुई हातात घेतली की टोचायची. एका स्टेटरमध्ये तिनं कॉइलच उलटी बसवली, असं वर्षभरात झालं नव्हतं. सांगावं तर हा परत त्या खुर्चीत जाऊन बसणार, आणि या वेळी बसला तर उठणार नाही. न सांगावं तर फोरमन येणार. ते माळ्याखाली पाऊल टाकतील, कान टवकारतील आणि दोन मिनिटांत बोट त्या स्टेटरकडे करतील. बावीस वर्षांचा वायंडर, वार्निश सुकवायच्या मोटरीनं त्याला मामा बनवला! धंद्यातला प्रत्येक माणूस पोट धरून हसेल. तिच्या मनात आलं, रविवारी गुपचूप डिमर लावावा, फोरमननी ओळखलं तर ओळखलं. मग आलं, लावूच नये. चाक फिरलं नाही तर निदान नुसतं फिरलं नाही असं होईल, हसं व्हायचं नाही. मग आलं, आत्ताच सांगावं. शनिवारी दोनदा ती शिडीच्या पहिल्या पायरीपर्यंत गेली आणि दोनदा झाडू शोधत असल्याचं सोंग करून परत आली.

आणि या सगळ्याच्या बुडाशी आणखी एक गोष्ट होती, जी तिला स्वतःलाही कबूल करायला आवडत नव्हती. तिला राग आला होता. चाक किती वाजता दमतं हे या माणसानं मिनिटामिनिटानं टिपलं होतं. तिचा अख्खा दिवस त्याच्या वहीत उतरला होता, आणि तो तिचा आहे हे त्याला कळलं नव्हतं. कळणार कसं? ती किती वाजता उठते आणि किती वाजता बसते हे माहीत असेल त्याला कळणार.

रविवारी तो उजाडताच वर गेला. तिला अंथरुणात ऐकू येत होतं, झटका, सळसळ, शांतता. झटका, सळसळ, शांतता. साडेदहाला तो खाली आला तेव्हा सदरा घामानं चिकटला होता. अर्ध्या गालाची दाढी झाली होती, अर्ध्याची राहिली होती. चहा पुढे ठेवला, तो गार झाला.

"त्यांना कळवतो, तब्येत बरी नाही म्हणून," तो म्हणाला.

"बरं."

"नको. म्हातारा माणूस, निघालाही असेल." तो उठला, दोन पायऱ्या चढला, परत उतरला. "आभाळ तर नाहीये आज. मग का फिरत नाही? सांग ना, का नाही फिरत?"

ती सांगणार होती. शब्द ओठांवर आले होते. पण तो उत्तराला थांबलाच नाही. मागच्या खोलीत गेला. लाकूड फरशीवर घासल्याचा आवाज आला. तिनं डोकावून पाहिलं. त्यानं खुर्ची भिंतीकडे वळवली होती आणि तीत बसला होता, तुटका हात मांडीवर ठेवून.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती ज्याला घाबरत होती ते सांगण्याआधीच झालं होतं.

"उठा," ती म्हणाली.

तो हलला नाही.

"उठा म्हणते ना! इकडे या." तिनं त्याला दंडाला धरून उठवला, लहान मुलाला शाळेत ओढून न्यावं तसा दुकानात आणला आणि डिमरसमोर उभा केला. "याला हात लावा. मी सांगेन तेव्हा वाढवायचं, मी सांगेन तेव्हा कमी करायचं. काही विचारू नका."

खिशातला टेस्टर काढून तिनं टेबलावर ठेवला आणि ती शिडी चढून माळ्यावर गेली. पहिल्यांदाच. वर उकडत होतं. चाक तिला वाटलं होतं त्याहून सुंदर होतं. एका हातानं, तेही डाव्या, चोवीस चुंबक त्यानं केसभरही चूक न करता बसवले होते.

"वाढवा," ती म्हणाली. खालून गुणगुण सुरू झाली. तिनं चाकाला झटका दिला. ते पळालं, मंदावलं आणि अडीचशेवर येऊन स्थिर झालं.

"फिरलं!" तो खालून ओरडला. आवाजात आनंद होता, आणि तो ऐकून तिला रडू आलं.

"कमी करा."

गुणगुण थांबली. चाक थांबलं.

"वाढवा." झटका. फिरलं. "कमी करा." थांबलं. "वाढवा."

या वेळी गुणगुण आली नाही. तिनं फळ्यांच्या फटीतून खाली पाहिलं. त्याच्या डोक्यावरचं टक्कल दिसत होतं. मग ते मागे कलंडलं आणि त्याचा चेहरा दिसला. तो कपाटावरच्या स्टेटरकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते. सहा हजार भागिले चोवीस.

ती खाली उतरली तरी त्याची नजर स्टेटरवरच होती.

"कधीपासून माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"गुरुवारपासून."

"आणि तीन दिवस मला खेळवलंस? वर मी त्या चाकाशी बोलत होतो, आणि तू खाली बसून ऐकत होतीस? हसत होतीस?"

"हसत होते?" तिचा आवाज चढला. "चौदा महिने मी या इथे खाली आहे. चौदा महिने! तुम्हाला माहीत होतं? चाकाच्या वहीत माझं जेवण लिहिलंय तुम्ही. माझं उठणं-बसणं लिहिलंय. बुधवारी आभाळ होतं म्हणे. बुधवारी मी दाढ काढली!"

"दाढ?" तो म्हणाला. "कुठली दाढ?"

तिनं आ केला. बोटानं गाल ओढून दाखवलं. तो पुढे झाला आणि वाकून बघू लागला, खाचेत कॉइल अडकली की बघतात तसा, डोळे बारीक करून. तोंड उघडं ठेवून उभं राहणं हास्यास्पद होतं हे तिला कळत होतं, पण ते तिनं मिटलं नाही.

"दुखलं का?" त्यानं विचारलं.

"हो," ती म्हणाली. "दुखलं."

बाहेर गाडीचा दरवाजा आपटला. काठीचा आवाज फरशीवर येऊ लागला. दाढी अर्धवट होती, भांडणही अर्धवट होतं, आणि दोन्ही पुरं करायला वेळ नव्हता.

फोरमन उंबऱ्यात थांबले, नाकानं वार्निशचा वास घेतला आणि म्हणाले, "कुठे आहे रे तुझं फुकटचं चाक?"

आता हा काहीतरी सबब सांगेल, नाहीतर मागच्या खोलीत निघून जाईल. तो पुढे झाला, त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "वर आहे, साहेब. फिरतं. पण फुकट नाही फिरत. याच्यावर फिरतं." आणि त्यानं स्वतःच कपाटावरच्या स्टेटरकडे बोट केलं.

फोरमननी एका डोळ्यानं वर पाहिलं. माळ्याच्या फळ्या पाहिल्या, डिमर पाहिला. "पोल किती?"

"चोवीस."

"अडीचशे?"

"अडीचशे."

म्हातारा हसू लागला. काठीवर रेलून, खोकत खोकत, डोळे पुसत हसला. त्यांच्या मुलानं आणलेल्या खुर्चीवर बसूनही हसत राहिला. नवऱ्याची मान लाल झाली होती. पण तो जागचा हलला नाही, आणि ती त्याच्या शेजारून हलली नाही.

"अरे, मी शिकवलं होतं तुला हे सूत्र."

"मी हिला शिकवलं," तो म्हणाला. "हिनं पकडलं. मला नाही जमलं."

फोरमनचं हसू थांबलं. "उतरव तो खाली," ते म्हणाले. नवरा-बायकोनं मिळून स्टेटर उतरवला, तिचे दोन हात आणि त्याचा दीड. म्हाताऱ्यानं तो मांडीशी घेतला, डोळा मिटला आणि बोटं वायंडिंगवरून फिरवली, प्रत्येक खाचेवरून, प्रत्येक गाठीवरून. फार वेळ लावला. शेवटी विचारलं, "हात कुणाचा हा?"

"हिचा."

"मी तुझा म्हणालो असतो." त्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवलं. "नाही, तुझ्याहून घट्ट आहे. कधीपासून भरते ही?"

तो तिच्याकडे बघू लागला. उत्तर त्याला अर्ध्या तासापूर्वीच मिळालं होतं, तरी ते म्हणायला त्याला वेळ लागला.

"चौदा महिने," तो म्हणाला.

"आणि तू कुठे होतास?"

"मी इथेच होतो," तो म्हणाला. मग मान हलवली. "नाही. नव्हतो, साहेब."

फोरमननी चहा घेतला, माळ्यावर चढायला जमणार नाही म्हणून चाक खाली मागवलं, हातात फिरवून "बांधणी छान आहे" एवढं म्हणाले आणि बारा वाजता मुलाच्या खांद्याला धरून गाडीत बसले. गाडी गेली.

दुकानात ते दोघं उरले. चाक टेबलावर पडलं होतं. एका बाजूला शिडी होती, दुसऱ्या बाजूला मागच्या खोलीचं दार. तो मध्ये उभा होता, आणि आता तो कुठे जातो याच्याकडे तिचा सगळा जीव लागला होता. तिला त्याला हाताला धरून थांबवावंसं वाटलं. सकाळी एकदा धरला होता. पुन्हा धरायचा नाही असं तिनं ठरवलं.

उगाच काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलली, कपबशा उचलता उचलता, त्याच्याकडे न बघता.

"उद्या दोन पंप यायचेत भरायला."

तिनं बशी बशीवर ठेवली. बशी मोठ्यानं खणकली.

"किती वाजता?" त्यानं विचारलं.